बेताच्या पैशांत शिकारीची रायफल

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी रायफल घेऊ इच्छिणारा बेताच्या मिळकतीचा मनुष्य पुष्कळदा बहुतेक पैसा रायफलीवरच घालतो, आणि उरेल त्यात दुर्बीण घेतो. हा हिशेब उलटा होय. हाताने बोल्ट मागेपुढे सरकवून काडतूस भरण्याची रचना माउझरने १८९८ सालीच पूर्णत्वास नेली. पुढे १९५८ साली निघालेल्या सॅव्हेज ११० रायफलीत नळी एका नटाने पक्की केल्यामुळे जुळणी सोपी झाली व किंमत उतरली. नेमास मात्र बाध आला नाही. म्हणून साधी रायफल पुरते.

दुर्बिणीची गोष्ट निराळी. हरीण बाहेर पडते ते बहुधा पहाटे व सायंकाळी. भिंगाच्या व्यासास दुर्बिणीच्या पटीने भागले असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते. चाळीस मिलिमीटरांचे भिंग चार पटीस दहा मिलिमीटर झोत देते, नऊ पटीस साडेचारांहूनही कमी. आणि अंधुक उजेडात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते. तेव्हा मोठ्या पटीचा मोह सोडून, रायफलीच्या धक्क्याने न ढळणारी चार पटीची भक्कम दुर्बीण घ्यावी. उरलेला पैसा सरावाच्या काडतुसांसाठी राखावा. कारण चुकलेल्या नेमाची किंमत शिकारी नव्हे, रानात तडफडणारे जखमी जनावर देते.