चारशे मीटरचं स्वातंत्र्य

‘आई, तू बस. पाणी मी आणून देते.’ घराघरांत ऐकू येणारं हे वाक्य. त्यात माया असते, यात शंका नाही. पण या मायेपोटी आपण आईच्या पायांचं काम काढून घेतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

वय वाढलं की स्नायू झिजतात, तोल सांभाळणं अवघड जातं, हे खरंच. पण हालचाल कमी झाली की ही झीज अधिक वेगानं होते. पाय दुखतात म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिल्यानं ताकद जाते. ताकद गेली की पडण्याची भीती वाटते. मग बाजार सुटतो, देऊळ सुटतं आणि शेवटी जिनाही सुटतो.

सत्तरीनंतर हे चक्र थांबवता येतं का? अमेरिकेतल्या आठ केंद्रांत याची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात ७० ते ८९ वर्षांची १,६३५ माणसं होती. सगळी बैठ्या सवयीची, पण ४०० मीटर चालू शकणारी. साधारण निम्म्यांना आरोग्याची माहिती देणारे वर्ग होते. बाकीच्यांकडून चालणं, ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करून घेतले. आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं उद्दिष्ट होतं. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात माहितीच्या गटातल्या शेकडा ३५.५ जणांना ते ४०० मीटर जमेनासे झाले. व्यायामाच्या गटात हे प्रमाण ३०.१ होतं.

फरक लहान वाटेल. व्यायामानं म्हातारपण टळत नाही, हेही त्यातून दिसतंच. पण ४०० मीटर म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात कुणाचा हात न धरता जाऊन येणं. ज्याचं ते जातं, त्यालाच त्याची किंमत कळते.

यासाठी व्यायामशाळा लागत नाही. रोज झेपेल तेवढं चालावं. खुर्चीवरून हात न टेकता आठ-दहा वेळा उठावं-बसावं. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा अलीकडे पडणं झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि पुढच्या वेळी आई पाण्यासाठी उठली, तर तिला बसवू नका. वाटेतलं पायपुसणं तेवढं उचलून ठेवा.