बॉयलरची तपासणी झाली. निर्णयाची कोण करणार?

८ ऑगस्ट २०२४ रोजी लोकसभेत वक्फ सुधारणा विधेयक मांडले गेले आणि सर्व वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे त्या सभागृहाकडे वळले. त्याच दिवशी राज्यसभेत दाखल झालेल्या आणखी एका विधेयकाची दखल फारशी कोणी घेतली नाही. ते होते बॉयलर विधेयक. राज्यसभेने ते ४ डिसेंबरला आवाजी मतदानाने मंजूर केले. त्या दिवशी मुंबईत देवेंद्र फडणवीस यांची भाजपच्या विधिमंडळ पक्षनेतेपदी निवड होत होती आणि दिल्लीतील मराठी वर्तुळाचे कान साहजिकच तिकडे लागले होते. २५ मार्च २०२५ रोजी लोकसभेने विधेयकावर शिक्कामोर्तब केले, तो वित्त विधेयकाचा दिवस होता. एप्रिलमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १९२३ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा तयार झाला. शंभर वर्षे टिकलेला कायदा बदलताना विधेयक स्थायी समितीकडे पाठविण्याची गरज कोणाला भासली नाही.

बॉयलर हा विषय राजकारणाला कोरडा वाटतो. परंतु औद्योगिक सुरक्षेसाठी सरकारने खासगी मालकाच्या आवारात शिरावे, ही कल्पना या देशात ज्या मोजक्या यंत्रांमुळे रुजली, त्यांत बॉयलर अग्रभागी आहे. १८६३ मध्ये कोलकात्यात एका बॉयलरचा स्फोट होऊन माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगाल सरकारने शहर व उपनगरांतील बॉयलरच्या तपासणीचा कायदा केला. फॅक्टरी कायदा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पुढे इतर प्रांतांनी आपापले नियम केले आणि प्रत्येकाचे मोजमाप निराळे ठरले. १९२० मध्ये नेमलेल्या समितीने एकसारख्या कायद्याची शिफारस केली, त्यातून १९२३ चा कायदा आला. राज्यघटनेतही बॉयलरला समवर्ती सूचीत स्वतंत्र नोंद मिळाली. संसदेने कायदा करावा, तपासणी राज्यांनी करावी, अशी ही विभागणी आजही कायम आहे.

बॉयलरची भीती अनाठायी नाही. पाण्याची वाफ झाली की सामान्य दाबाला तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी वाढते. दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाबाखाली पाणी १८० अंशांहून अधिक तापमानाला द्रवरूपातच कोंडलेले असते. पात्र फाटले की त्या पाण्याचा मोठा भाग क्षणार्धात वाफेत बदलतो आणि जाड पोलादी पत्रा कागदासारखा उडतो. म्हणूनच कायद्याचा सारा भर पात्रावर राहिला: पत्र्याची जाडी, वेल्डिंग, नळ्यांची झीज, पाण्याच्या दाबाची चाचणी, सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि या सर्वांनंतर ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र. भारतीय बॉयलर विनियम, १९५० हा जाडजूड ग्रंथ याच गोष्टींनी भरलेला आहे. या व्यवस्थेने आपले काम चोख केले, हे मान्य केले पाहिजे. नोंदणीकृत बॉयलरचे पात्रच फुटल्याच्या घटना एकेकाळी जितक्या भयावह वाटत, तितक्या त्या आज राहिलेल्या नाहीत.

मात्र गेल्या काही वर्षांत ज्या दुर्घटनांनी देश हादरला, त्यांची जात निराळी आहे.

रायबरेली जिल्ह्यातील ऊँचाहार येथे एनटीपीसीच्या प्रकल्पात १ नोव्हेंबर २०१७ रोजी दुपारी ५०० मेगावॉटच्या सहाव्या संचात स्फोट झाला. ४० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत कंत्राटी कामगारांची संख्या मोठी होती. हा संच जुनाट नव्हता. त्याचे व्यावसायिक उत्पादन सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. पुढे आलेल्या माहितीनुसार बॉयलरच्या भट्टीच्या तळाशी राख साचून घट्ट झाली होती, तिचा निचरा होत नव्हता आणि ती मोकळी करण्याचा खटाटोप संच पूर्णपणे बंद न करताच चालला होता. आतला दाब वाढला आणि तप्त वायू, राख व वाफ आजूबाजूच्या माणसांवर कोसळली. अशा वेळी पत्र्याची जाडी तपासणारा निरीक्षक आदल्या दिवशी येऊन गेला असता, तरी त्याच्या नोंदवहीत वावगे काहीच सापडले नसते. चूक होती ती संच चालू ठेवण्याच्या निर्णयात.

तमिळनाडूतील नेवेली येथेही असेच काहीसे दिसते. एनएलसी इंडियाच्या दुसऱ्या औष्णिक केंद्रात ७ मे २०२० रोजी सहाव्या संचाच्या बॉयलरमध्ये स्फोट होऊन कामगार होरपळले व त्यांतील काही पुढे दगावले. दोन महिने उलटण्याआधीच, १ जुलैला, पाचव्या संचात स्फोट झाला. सहा जण जागीच गेले आणि मृतांची संख्या पुढे दहाच्या वर पोहोचली. हा संच बिघाडामुळे बंद होता आणि तो पुन्हा सुरू करण्याचे काम चालले होते. बंद संच कधी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणकोण जवळ उभे असताना पेटवायचा, हा प्रश्न वार्षिक प्रमाणपत्राच्या कक्षेत येत नाही.

नव्या कायद्याने काय साधले? भाषा सुटसुटीत झाली, कलमांची मांडणी नेटकी झाली, निरुपयोगी तरतुदी गळाल्या. बॉयलरच्या पोटात उतरून काम करणाऱ्यांच्या सुरक्षेची तरतूद स्पष्ट शब्दांत आली आणि दुरुस्ती पात्र माणसांकडूनच व्हावी हेही नमूद झाले. वाणिज्य व उद्योगमंत्री पीयूष गोयल यांच्या खात्याचा दावा असा की, सात गुन्ह्यांपैकी जिवावर बेतणाऱ्या चारांना फौजदारी शिक्षा कायम ठेवली असून उरलेले प्रकार न्यायालयाबाहेर दंडावर मिटतील. लहान कारखानदाराला कोर्टाच्या फेऱ्यांतून सोडवण्यात गैर काही नाही.

पण कायम ठेवलेली शिक्षा केवढी? सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड. याच्या शेजारी एक साधा हिशेब ठेवून पाहावा. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते. युनिटला तीन रुपये धरले तरी एका दिवसाच्या बंदची किंमत साडेतीन कोटींवर जाते. संच थांबवावा की नाही याचा निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे हा आकडा असतो आणि वरिष्ठांचा फोनही त्याबद्दलच येतो.

राज्यांना ठरावीक क्षेत्राला किंवा बॉयलरला कायद्यातून सूट देण्याचा अधिकारही शाबूत राहिला. जुन्या कायद्यात यासाठी 'जलद औद्योगिकीकरणाची गरज' असे कारण नोंदलेले होते; स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ते समजण्यासारखे होते. २००७ च्या दुरुस्तीने तपासणीचे काम सरकारी निरीक्षकाखेरीज मान्यताप्राप्त त्रयस्थ व्यक्तींनाही खुले केले. निरीक्षकांची संख्या तोकडी असल्याने ही सोय लागलीच. परंतु त्रयस्थाचे शुल्क मालकच देतो, तेव्हा त्याच्या तटस्थतेची परीक्षा दर वर्षी होते.

इथे दुसऱ्या एका बदलाची सांगड घातली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. विजेवर चालणारा कारखाना म्हणवून घेण्यासाठी पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. तांदळाची गिरणी, लाँड्री, किंवा इचलकरंजी-मालेगावकडचे सायझिंग अशा ठिकाणी बारा-पंधरा माणसांत बॉयलर चालतो. अशा जागी कारखाना निरीक्षकाची नजर यापुढे पोहोचेलच असे नाही. बॉयलरचा कायदा कामगारांची डोकी मोजत नाही, त्यामुळे तो तिथे लागू राहील, आणि बाष्पके संचालनालयाचा निरीक्षक हीच उरलेली खिडकी ठरेल. तीही सूट किंवा त्रयस्थ तपासणीने झाकली गेली तर काय, याचा विचार संसदेत व्हायला हवा होता.

महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाला नेतेमंडळी आवर्जून हजर असतात. पूजा होते, छायाचित्रे छापून येतात. त्यानंतरचे काही महिने ज्या बॉयलर अटेंडंटने रात्रपाळीत गेज ग्लासमधली पाण्याची पातळी डोळ्यांत तेल घालून पाहायची, त्याच्या हाती अधिकार किती? तो परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवतो, कायदा त्याला पात्र मानतो. धोका दिसला तर नव्या सुरक्षा संहितेनुसार तो मालकाला सांगू शकतो, निरीक्षकाला कळवू शकतो. पुढे काय करायचे ते मालकाने आपली खात्री पटल्यावर ठरवायचे. विशिष्ट स्थितीत भट्टी विझवलीच पाहिजे आणि ती विझवणाऱ्याला जाब विचारता येणार नाही, असा नियम करण्यास केंद्रीय बॉयलर मंडळाला कोणी रोखलेले नाही.

अडचण उत्तरदायित्वाच्या वाटणीत आहे. बॉयलरचा कायदा उद्योग खात्याकडे, कामगारांची सुरक्षा श्रम मंत्रालयाकडे, एनटीपीसी ऊर्जा मंत्रालयाकडे, एनएलसी कोळसा मंत्रालयाकडे आणि तपासणी राज्यांकडे. ऊँचाहारनंतर खुलासे ऊर्जा मंत्रालयाकडून आले, म्हणजे संचाच्या मालकाकडूनच. उद्या एखाद्या खासदाराला भट्टी बंद करण्याच्या अधिकाराविषयी तारांकित प्रश्न द्यायचा झाला, तर तो यांपैकी कोणत्या मंत्र्याच्या नावे द्यावा, येथपासूनच त्याला सुरुवात करावी लागेल.