फुकटचा दगड

मागच्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी, आणि खास करून माझ्या वडिलांसाठी, कारण त्यांच्या कानाला इयरफोन टोचतात.

पारनेर तालुक्यातलं आमचं जुनं घर आजोबांनी विहिरीच्या दगडात बांधलं. विहीर खणताना सुरुंगाने निघालेला काळा दगड काठावर पडून होता. तो वाया कशाला घालवायचा, म्हणून घडवून भिंतीत लावला. आपल्याकडे अशी घरं गावोगाव आहेत. मी हे आधी सांगतोय, कारण अमेरिकेतल्या नवाहो लोकांनीही अगदी हेच केलं होतं. फक्त त्यांचा दगड विहिरीचा नव्हता, युरेनियमच्या खाणीचा होता.

नवाहो हे अमेरिकेतले आदिवासी. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत पसरलेला त्यांचा प्रदेश आपल्या नगर जिल्ह्याच्या साधारण चौपट आहे. (हो, नवीन नाव अहिल्यानगर. तोंडात अजून नगरच येतं.) 1944 ते 1986 या काळात तिथून सुमारे 3 कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं. सुरुवातीची बरीच वर्षं त्याचं एकच गिऱ्हाईक होतं, अमेरिकी सरकार, आणि ते लागत होतं अणुबॉम्बसाठी. पुढे मागणी संपली, कंपन्या निघून गेल्या. मागे 500 हून जास्त खाणी तशाच उघड्या राहिल्या आणि शेजारी दगडमातीचे ढीग.

आता ज्याचं घर त्या ढिगाजवळ आहे, तो काय करेल? दगड चांगला, सपाट, फुकट. लोकांनी तो पायात घातला, भिंतीत लावला. वाळू काँक्रीटमध्ये कालवून जमीन केली.

आता यातलं विज्ञान. कंपनीला हवं असतं युरेनियम. ज्या दगडात ते कमी, तो ढिगावर फेकला जातो. पण युरेनियम कोट्यवधी वर्षं हळूहळू बदलत असतं आणि त्यातून रेडियम तयार होतं. ते दगडातच असतं. खनिज दळून युरेनियम काढून घेतलं तरी उरलेल्या गाळात मूळच्या किरणोत्सारितेपैकी जवळपास 85 टक्के शिल्लक राहते. म्हणजे माल नेला, पण विष बहुतेक सगळं तिथेच.

रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू होतो. रंग नाही, वास नाही. तो दगडाच्या बारीक भेगांतून खोलीत येतो. उघड्यावर असला तर वाऱ्याने विरून जातो, पण घरात कोंडतो. त्यातून पुढे तयार होणारे कण धुळीला चिकटून फुप्फुसात जातात आणि आतून अल्फा किरण सोडतात. हे किरण बाहेर साधा कागदही अडवतो. फुप्फुसाला मात्र कातडीचं कवच नाही, आणि तिथेच कॅन्सरचा धोका आहे. खिडकी उघडली की रेडॉन जातो हे खरं, पण भिंत नवा बनवत राहते. रेडियमचं अर्धायुष्य 1600 वर्षं आहे, त्यामुळे "थांबू थोडं, कमी होईल" हा पर्यायच नाही. शिवाय गॅमा किरण थेट भिंतीतून येतात, ते वेगळेच.

मला सगळ्यात जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. 1950 पासून अमेरिकेचं सरकारी आरोग्य खातं या भागातल्या खाणकामगारांच्या तब्येतीचा अभ्यास करत होतं. युरोपातल्या खाणींमुळे फुप्फुसाच्या आजाराची माहिती त्याच्याही आधीची होती. तरी कामगारांना धोका सांगितला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग व्यवस्थित लिहिला जात होता, अलर्ट कुणालाच जात नव्हता. आणि जिथे खाणीत उतरणाऱ्यालाच सांगितलं नाही, तिथे त्याने घरी नेलेल्या दगडाबद्दल त्याच्या बायकोला कोण सांगणार? मुलं त्या जमिनीवर रांगली, मोठी झाली.

2006 मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये ज्युडी पास्टरनॅक यांची लेखमाला आली, 2007 मध्ये अमेरिकी संसदेत सुनावणी झाली, आणि 2008 मध्ये पर्यावरण संस्थेने पाच वर्षांचा कार्यक्रम आखला. मग शेकडो घरं यंत्राने तपासली. जी फारच वाईट निघाली ती पाडून नवी बांधून दिली. त्याआधी, 2005 मध्ये, नवाहोंनी स्वतःच कायदा करून आपल्या जमिनीवर युरेनियम काढायला बंदी घातली होती.

एका श्रोत्याने विचारलं, लोक तिथून उठून का गेले नाहीत? नवाहोंमध्ये बाळाची नाळ घराजवळच्या जमिनीत पुरतात. मराठी माणसाला याहून जास्त काय समजावून सांगू?

रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री वडिलांना हे सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: "आपल्या भिंतीत आहे का मग?" नाही म्हटलं तरी चालेल. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षाही खूप कमी असतं. पण "आपल्याकडे असं होतच नाही" असं मी म्हणणार नाही. 2008 मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत किरणोत्सारी कोबाल्ट सापडला. बटणं बनवणाऱ्या कारखान्यातल्या 20 कामगारांना त्याची बाधा पोचली होती. माग काढला तर पोलाद भारतातलं आणि भट्टी आपल्या खोपोलीची. भंगारातून काहीतरी वितळून आत गेलं होतं. माल कुठून आला, हे तिथेही कुणी विचारलं नव्हतं.

वडिलांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "ते ढीग उचलून टाकतात कुठे?"

चर्च रॉकजवळच्या एका खाणीचं उत्तर जानेवारी 2025 मध्ये मिळालं. तिथला 10 लाख घनयार्डांहून जास्त माल, आपल्या हिशोबात पावणेतीन लाख ब्रासच्या आसपास, ट्रकने थोरो गावाजवळच्या कचरा डेपोत न्यायचं ठरलं. सहा ते आठ वर्षांचं काम, आणि हे एकाच खाणीचं.

"आणि त्या थोरोला कोण राहतं?" वडील म्हणाले.

तिथेही बरेचसे नवाहोच.