देठ, चीक आणि आढी

मे महिन्यात आंब्यावर बोलणारी माणसं दोन पंथांची असतात. एक छातीठोक सांगतो की सेंद्रिय हापूस आढीत कितीही दिवस खणखणीत राहतो, औषधं मारलेला मात्र लगेच पाणी सोडतो. दुसऱ्याचा बहुधा बाजारात गाळा असतो. त्याच्या मते सेंद्रियची पेटी उघडावी तर निम्म्या फळांवर काळे डाग. आपापल्या पेटीपुरते दोघंही खरं बोलतात. पण देवगड-रत्नागिरीच्या कलमांखाली इतकी वर्षं हिंडून मला पटलंय ते असं, की आंबा किती टिकेल हे पेटीवरच्या शिक्क्याआधीच ठरून गेलेलं असतं. मोहोरावर पडलेला पाऊस, काढणीचा दिवस आणि फळावर ठेवलेला बोटभर देठ, हे तिघं ते ठरवतात.

शिक्क्याचं थोडक्यात उरकतो. भारतात सेंद्रिय प्रमाणीकरणाची राष्ट्रीय चौकट २००१ पासून आहे. फळझाडांना त्यात तीन वर्षांचा रूपांतरकाळ काढावा लागतो. मोहोर आणणारं कल्टार बंद, बुरशीनाशक कार्बेन्डाझिम बंद. गंधक, निंबोळी आणि मर्यादेत बोर्डो मिश्रण चालतं. झालं.

आता माझ्या आवडीचा भाग. काळे डाग करप्याचे, म्हणजे कोलेटोट्रायकम नावाच्या बुरशीचे. ती आढीत येत नाही, बागेतूनच येते. मोहोरावर किंवा सुपारीएवढ्या फळावर अवकाळी पाऊस पडला, दव साचलं, की ती सालीत शिरते आणि तिथेच दबा धरून बसते. कैरी हिरवीगार, निर्मळ दिसते. मग पिकतानाच ती का उठते? इस्रायलमधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात आंब्याच्या सालीतली रेसॉर्सिनॉल गटातली द्रव्यं शोधली. कच्च्या सालीत ती भरपूर असतात आणि बुरशीला रोखून धरतात. फळ पिकू लागलं की ती ओसरतात. पुढे श्रीलंकेतल्या अभ्यासकांना हीच द्रव्यं चिकातही सापडली, शिवाय बुरशीची पेशीभित्तिका फोडणारं कायटिनेज हे विकरही. चीक फळातच राहू दिलेले आंबे, चीक गाळून टाकलेल्या आंब्यांपेक्षा कमी कुजले.

हे वाचलं तेव्हा मला झेल्याने आंबा उतरवणारे गडी आठवले. देठ ठेवूनच काढायचा, मुळापासून उपटायचा नाही, हा त्यांचा दंडक. कारण विचारलं तर म्हणतात, चीक सालीवर ओघळला की डाग पडतो. खरंच आहे, पण आत राहिलेला चीक राखणही करतो. शिवाय देठकुजीची बुरशी डहाळीतून देठात आणि तिथून फळात उतरते, तेव्हा देठ जितका शाबूत तितका तिचा प्रवास लांबतो. घाईने ओरबाडलेला आंबा सेंद्रिय असो की रासायनिक, आधी देठाकडेच काळा पडणार.

म्हणजे खताचा काहीच संबंध नाही? आहे, आणि तो नत्राचा. ऑस्ट्रेलियात केन्सिंग्टन प्राइड जातीवर झालेल्या प्रयोगांत नत्र जास्त झालेली फळं पिकूनही हिरवट राहिली आणि करप्याला लवकर बळी पडली. शेणखतातून नत्र हळूहळू मिळतं, हा सेंद्रिय बागेचा फायदा. मात्र कोंबडखताचे ट्रकच्या ट्रक रिचवणारे ‘सेंद्रिय’ बागायतदारही मी पाहिलेत. त्यांच्या आंब्याला युरियावाल्या आंब्यापेक्षा वेगळं भाग्य कुठून येणार?

साक्याची गोष्ट याहून मजेची. बाहेरून देखणा आंबा कापावा आणि आत पांढुरका, स्पंजासारखा आंबूस गर निघावा, हे हापूसचं जुनं दुखणं. चीमा आणि दाणी या संशोधकांनी १९३४ मध्ये त्याची नोंद केली. तापलेल्या जमिनीची धग त्याला कारण होते, हे पुढे दिसलं. बंगळुरूच्या संशोधकांनी त्याचा संबंध फळातच अवेळी रुजू पाहणाऱ्या बाठ्याशी जोडला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’त साका होत नाही. पण ‘रत्ना’ हापूस नव्हे, हे कोकणात कुणालाही विचारा! देवगडकडच्या एका कातळावरच्या बागेत म्हातारे बागायतदार कलमाच्या बुंध्याभोवती पाचोळा पसरत होते. “पातेरो जाळूचो नाय,” एवढंच म्हणाले. आच्छादनाने धग कमी होते आणि साकाही कमी होतो, याला प्रयोगांचा आधार आहे. त्यांच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नव्हतं.

काढणीनंतर दोन्ही आंब्यांना नियम एकच. तेरा अंशांखाली थंडी बाधते, साल करडी पडते, फळ नीट पिकत नाही. ५२ अंशांच्या पाण्यात काही मिनिटं बुडवलं तर सालीतली बुरशी बरीच मरते. रसायन लागत नाही, म्हणून सेंद्रियवाल्यांना हा उपाय हुकमी. पाणी दोन-तीन अंशांनी जास्त तापलं, तर साल भाजते.

एका ठिकाणी मात्र शिक्का आडवा येतो. अमेरिकेने २००७ मध्ये आपल्या आंब्याला दार उघडलं ते ४०० ग्रे विकिरणाच्या अटीवर, आणि पहिला माल लासलगावच्या केंद्रातून गेला. हे केंद्र मुळात कांद्यासाठी उभारलेलं. या मात्रेने फळमाशी आणि बाठ्यातला भुंगा निकामी होतो, पिकणंही थोडं लांबतं. पण सेंद्रिय नियमांना विकिरण मंजूर नाही. त्यामुळे देवगडातून प्रमाणपत्र घेऊन निघालेली पेटी विकिरण होताच कागदोपत्री साधी होते, आणि न्यू जर्सीतला मराठी माणूस सेंद्रिय आंबा खात असला तरी तसं लिहिलेली पेटी त्याला मिळत नाही.