अपडेटनंतर मराठी बटणं पुन्हा इंग्रजी का होतात?

वर्डप्रेसवर तुमची वेबसाइट आहे. सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही भाषा मराठी केली. सगळं छान दिसत होतं. मग एक अपडेट आलं आणि दोन-चार बटणं पुन्हा इंग्रजी झाली. मराठी कुणी काढून टाकलं का? सहसा नाही. मग नेमकं होतं काय?

मराठी येतं कुठून?

बटणांवरचं मराठी मूळ कोडमध्ये नसतं, ते वेगळ्या फाइलमध्ये असतं. ते शोधून स्क्रीनवर आणायचं काम 'गेटटेक्स्ट' ही पद्धत करते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९०च्या दशकात ती पहिल्यांदा प्रत्यक्षात आणली. पुढे जीएनयू प्रकल्पाने तिची सर्वांना मोफत वापरता येणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, बनवली. वर्डप्रेसची भाषांतरं याच पद्धतीवर उभी आहेत. लिनक्सवरची अनेक सॉफ्टवेअरही ती वापरतात.

भाषांतराच्या फाइलमध्ये जोड्या असतात. एका बाजूला 'सेव्ह चेंजेस', दुसऱ्या बाजूला 'बदल जतन करा'. सॉफ्टवेअर इंग्रजी वाक्य देतं, लायब्ररी त्याची मराठी जोडी परत करते. जोडी सापडली नाही, तर इंग्रजी वाक्यच जसंच्या तसं दाखवते. त्यामुळे सॉफ्टवेअर बंद पडत नाही, पण स्क्रीन अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी होते.

मग अपडेटनंतर बिघडतं काय?

इथे इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते. प्रोग्रॅमरने 'सेव्ह चेंजेस'चं 'सेव्ह युवर चेंजेस' केलं, अगदी एक पूर्णविराम जरी वाढवला, तरी जुनी किल्ली लागत नाही. जुनं मराठी वाक्य भाषांतरकारांच्या यादीत 'फझी', म्हणजे 'तपासून घ्या' असा शिक्का लागून पडून राहू शकतं. कुणी तपासत नाही तोवर ते सहसा वापरलं जात नाही.

हे काम मशीनवर का सोडत नाहीत?

'ओपन' हा एकच शब्द घ्या. बटणावर असेल तर 'उघडा'. दुकानाबद्दल असेल तर 'उघडं आहे'. शब्द कुठे वापरलाय, हे बघणारा माणूस लागतोच.

वर्डप्रेसच्या मराठी भाषांतराचं काम स्वयंसेवक करतात. वर्डप्रेस डॉट ओआरजीवर खातं उघडून कुणीही भाषांतर सुचवू शकतं. संपादकाने मंजूर केलं की पुढच्या भाषा-अपडेटमधून ते सगळ्या मराठी वापरकर्त्यांपर्यंत पोहोचतं. त्यामुळे पुढच्या वेळी एखादं बटण इंग्रजी दिसलं, तर ते मराठी करणारे तुम्हीही असू शकता.