प्रॅक्टिकल नर्सची पुढली सनद

रोग्याच्या उशाशी रात्रंदिवस वावरणारी, नाडी आणि ताप पाहणारी, जखमेची पट्टी बदलणारी, अंथरुणास खिळलेल्या वृद्धाच्या पाठीस व्रण पडू नयेत म्हणून त्याला वरचेवर कुशीवर वळवणारी परिचारिका सामान्य माणसाच्या लेखी एकच असते; परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कायद्याच्या लेखी तिच्या हाती असलेली सनद दोन प्रकारची असू शकते, आणि या दोन सनदांमधील अंतर एवढे आहे की ते तोडण्यासाठी तेथील असंख्य स्त्रिया, व अलीकडे पुरुषही, नोकरी आणि संसार सांभाळून पुन्हा महाविद्यालयाच्या बाकावर जाऊन बसतात. पहिली सनद प्रॅक्टिकल नर्सची. कॅलिफोर्निया व टेक्सास या राज्यांत तिलाच व्होकेशनल नर्स म्हणतात. दुसरी रजिस्टर्ड नर्सची. पहिलीसाठी साधारण एक वर्षाचे शिक्षण पुरते, तर दुसरीसाठी दोन वर्षांची असोसिएट पदवी किंवा चार वर्षांची बॅचलर पदवी घ्यावी लागते, आणि दोहींसाठी त्या त्या राज्याच्या परिचर्या मंडळाचा परवाना मिळवावा लागतो.

या द्विविध व्यवस्थेचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आहे. न्यूयॉर्कच्या बॅलार्ड शाळेत तेव्हा अवघ्या काही महिन्यांच्या मुदतीत तान्ही मुले, वृद्ध आणि दीर्घकाळ आजारी असलेली माणसे यांची घरच्या घरी शुश्रूषा कशी करावी याचे शिक्षण स्त्रियांना दिले जाई. 1914 साली मिसिसिपी राज्याने अशा परिचारिकांना परवाना देण्याचा पहिला कायदा केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात पूर्णशिक्षित परिचारिका मोठ्या संख्येने सैन्याकडे रुजू झाल्या, इस्पितळे ओस पडण्याची वेळ आली, आणि जे काम पूर्वी प्रॅक्टिकल नर्सकडे सोपवण्यास कोणी धजले नसते ते तिच्याकडे आले व तिने ते निभावलेही. युद्ध संपल्यावर मात्र प्रश्न उभा राहिला की परिचारिकांचे शिक्षण इस्पितळांच्या पदरी तीन-तीन वर्षे राबवून घेण्याच्या जुन्या पद्धतीनेच चालावे की विद्येच्या अन्य शाखांप्रमाणे त्यालाही महाविद्यालयाचे अधिष्ठान असावे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील मिल्ड्रेड मोंटॅग यांनी 1951 साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात स्थानिक महाविद्यालयांतून दोन वर्षांत परिचारिका तयार करण्याची योजना मांडली, आणि पुढच्याच वर्षी काही निवडक संस्थांतून तिचा प्रयोग सुरू झाला. आज प्रॅक्टिकल नर्सला वर चढण्याचा जो मार्ग सर्वाधिक रुळलेला आहे, तो या दोन वर्षांच्या पदवीतूनच जातो. म्हणून मोंटॅगबाईंचे नाव या विषयात आदरानेच घ्यावे लागते.

या दोन हुद्द्यांत मुख्य भेद कोणता, हे वाचकाने नीट ध्यानी घ्यावे, कारण बाहेरून पाहणाऱ्यास तो दिसत नाही. दोघीही औषधे देतात, दोघीही रोग्याची स्थिती पाहून नोंद करतात. परंतु रोगी दाखल झाल्याबरोबर त्याची सर्वांगीण तपासणी करून त्याच्या शुश्रूषेची योजना आखणे, ती कितपत लागू पडत आहे हे ताडून पाहणे आणि गरजेप्रमाणे तिच्यात फेरफार करणे ही जबाबदारी कायद्याने रजिस्टर्ड नर्सवर आहे, आणि प्रॅक्टिकल नर्सने तिच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करावयाचे आहे. शस्त्रक्रिया होऊन काही तास लोटलेल्या रोग्याची नाडी जलद होऊ लागली, रक्तदाब थोडा उतरला, लघवीचे प्रमाण घटले आणि तो उगाच अस्वस्थ दिसू लागला, तर या चार गोष्टी प्रॅक्टिकल नर्सच्याही नजरेतून सुटत नाहीत, आणि ती त्या तत्परतेने वर कळवते. पण त्या चारींचा मेळ घालून आत कोठे रक्तस्राव होत असावा असा तर्क करणे, पुढील काही मिनिटांत काय करावयाचे ते ठरवणे आणि डॉक्टरांना नेमके काय सांगावयाचे ते सांगणे हे रजिस्टर्ड नर्सकडून अपेक्षित असते. अनेक वर्षे खाटांमधून फिरलेल्या प्रॅक्टिकल नर्सला रोगी ढासळत चालला आहे हे पुष्कळदा सर्वांच्या आधी कळते, याविषयी मला शंका नाही. तो का ढासळत आहे हे सांगणारे शास्त्र तेवढे तिला कोणी शिकवलेले नसते. पुढील शिक्षणाचे सारे प्रयोजन या एका उणिवेत आहे.

त्या शिक्षणाचे स्वरूप असे की, प्रॅक्टिकल नर्सला परिचर्येच्या प्रारंभिक पाठांची सूट मिळते आणि पुष्कळ ठिकाणी ती एकदम दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी प्रवेश घेते. मात्र त्यापूर्वी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी निबंधलेखन इत्यादी विषय तिने उत्तीर्ण केलेले असावे लागतात. मग येतो जुन्या भूमिकेतून नव्या भूमिकेत नेणारा एक संक्रमण-पाठ, आणि त्यापाठोपाठ औषधशास्त्र, प्रसूती, बालरोग, मनोरोग व गंभीर रोग्यांची परिचर्या, प्रत्येकाबरोबर इस्पितळातील प्रात्यक्षिक. हे सारे बहुधा एक ते दीड वर्षात आटोपते. परंतु पूर्वतयारीचे विषय रात्रीच्या वर्गांतून एकेक करीत पुरे करणाऱ्या आणि दिवसा वृद्धाश्रमात पाळी करणाऱ्या बाईची एकूण मुदत याहून पुष्कळ लांबते, हेही सांगितले पाहिजे. शेवटी रजिस्टर्ड नर्सच्या परवान्यासाठीची एनक्लेक्स ही परीक्षा. ती 1994 पासून संगणकावर घेतली जाते, आणि उमेदवाराच्या प्रत्येक उत्तरावरून पुढच्या प्रश्नाचा कठीणपणा ठरतो. एप्रिल 2023 पासून तिच्यात एकेका रोग्याची हकीकत उलगडत नेऊन उमेदवाराचा निर्णय पारखणारे प्रश्न आले आहेत. कमीत कमी 85 व जास्तीत जास्त 150 प्रश्न, आणि मुदत पाच तासांची. आपल्याकडील ज्या परिचारिका अमेरिकेत जाऊ इच्छितात त्यांनाही हीच परीक्षा द्यावी लागते, आणि तिचे एक केंद्र मुंबईतही आहे.

विद्यार्थिनीला खरी अडचण येते ती अभ्यासाच्या काठिण्याने नव्हे, तर पूर्वीच्या शिक्षणाची किंमत ठरवण्याच्या पद्धतीने. एका महाविद्यालयाने मान्य केलेले विषय दुसरे महाविद्यालय अमान्य करते. शास्त्रविषय उत्तीर्ण होऊन ठराविक वर्षे उलटली असतील तर कित्येक ठिकाणी ते पुन्हा करावे लागतात. आणि दहा-दहा वर्षे सेवा केलेल्या बाईचा अनुभव कागदावर कोठेच उमटत नाही. अनुभवावर पदवी खिरापतीसारखी वाटावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. रोग्याच्या प्राणाशी गाठ असलेल्या व्यवसायात तसे करणे अपराधच ठरेल. परंतु जे तिला येते ते परीक्षा घेऊन मान्य करावे आणि जे येत नाही तेवढेच शिकवावे, हा न्याय साधा आहे, आणि जी महाविद्यालये तो पाळतात ती या स्त्रियांची काही वर्षे वाचवतात.

दोन वर्षांची पदवी पुरेशी की चार वर्षांचीच हवी, हा वाद तेथे 1965 पासून चालू आहे. त्या वर्षी अमेरिकन नर्सेस असोसिएशनने व्यावसायिक परिचारिकेस बॅचलर पदवी आवश्यक मानावी अशी भूमिका घेतली. नॉर्थ डकोटाने 1987 साली ती अंमलात आणली आणि 2003 साली मागे घेतली. त्याच 2003 साली संशोधक लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील 168 इस्पितळांच्या अभ्यासावरून दाखवून दिले की, बॅचलर पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले असता शस्त्रक्रियेच्या रोग्यांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी घटते. न्यूयॉर्क राज्याने 2017 साली काढलेली तोड मला अधिक समंजस वाटते: नव्या रजिस्टर्ड नर्सने दोन वर्षांच्या पदवीवर कामास लागावे, आणि दहा वर्षांच्या आत बॅचलर पदवी पुरी करावी. यामुळे गरिबाच्या मुलीला उंबरठ्यावरच अडवले जात नाही, आणि विद्येचा आग्रहही सुटत नाही.

अर्थप्राप्तीचा विचारही गौण मानू नये. अमेरिकन सरकारच्या मे 2023 च्या आकड्यांप्रमाणे प्रॅक्टिकल नर्सचे मध्यम वार्षिक वेतन 59,730 डॉलर, तर रजिस्टर्ड नर्सचे 86,070 डॉलर होते. एकटीने मुले वाढवणाऱ्या बाईच्या घरी या फरकाने काय बदलते, ते विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या घराकडे पाहावे. महाराष्ट्रात प्रॅक्टिकल नर्सच्या जवळची म्हणावी ती सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे खेड्यापाड्यांतील ए.एन.एम.; तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. सपाट मुलखात पाच हजार आणि डोंगरी वा आदिवासी मुलखात तीन हजार वस्तीमागे एक अशा हिशेबाने उभारलेल्या उपकेंद्रांतून बाळंतपणे, लसीकरण आणि कुटुंबकल्याण यांचा भार तीच वाहते, आणि गावचे लोक तिला नर्सबाई या नावाने हाक मारतात. तिला तीन वर्षांच्या जी.एन.एम. या परिचर्येच्या पदविका-अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येतो, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.लाही, म्हणजे जिना आहे, पण पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या या बाईला नुकत्याच बारावी झालेल्या मुलीबरोबर अगदी पहिल्या पायरीपासून चढावे लागते. शेकडो प्रसूती केलेल्या हातांना प्रसूतीचे प्राथमिक पाठ पुन्हा गिरवायला लावण्यात ना शास्त्र आहे ना काटकसर. भारतीय परिचर्या परिषदेने आणि राज्याच्या आरोग्य खात्याने अशा परिचारिकांसाठी परीक्षा घेऊन पूर्वशिक्षणाची सूट द्यावी, शिक्षणाच्या मुदतीत त्यांना पगारी रजा मंजूर करावी, आणि उत्तीर्ण होऊन परतल्यावर त्यांना वरच्या हुद्द्यावर नेमावे. वाचकांपैकी जे पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत वा एखाद्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर असतील, त्यांनी ही मागणी आपल्या पुढच्या सभेत लेखी मांडावी, एवढी माझी त्यांना विनंती आहे.