गर्भनिरोधक इंजेक्शन : गुण आणि दोष

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. अशी भट्टी एकदा पेटली म्हणजे वाटेल तेव्हा विझवता येत नाही. गर्भनिरोधक इंजेक्शनाचेही काहीसे असेच आहे. गोळी उद्यापासून थांबवता येते, तांबी काढून घेता येते. परंतु स्नायूत टोचलेले औषध परत घेता येत नाही. म्हणूनच त्याचे गुणदोष आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

औषधाचे कार्य

आपल्या सरकारी रुग्णालयांत २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने हे इंजेक्शन विनामूल्य मिळते. त्यातील औषध मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन अ‍ॅसिटेट हे होय. स्त्रीच्या शरीरात स्वभावतः निर्माण होणाऱ्या प्रोजेस्टेरोन या संप्रेरकाशी त्याचे साम्य आहे. १५० मिलिग्रॅमची मात्रा दंडात किंवा नितंबात टोचली असता तिचा साठा स्नायूत राहतो व तेथून औषध हळूहळू रक्तात उतरते. टोचलेली जागा चोळू नये असे सांगतात ते याचसाठी. या औषधामुळे पीयूषिका ग्रंथीकडून बीजांडकोशास मिळणारी प्रेरणा मंदावते आणि स्त्रीबीज बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या मुखाशी असणारा श्लेष्म दाट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते.

परिणामकारकता

दर तीन महिन्यांनी नेमाने इंजेक्शन घेतल्यास वर्षभरात पाचशे स्त्रियांपैकी सुमारे एकीलाच गर्भ राहतो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र हे प्रमाण शंभरात सुमारे चार इतके आढळते. हा फरक बहुतांशी चुकलेल्या तारखांमुळे पडतो. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांपासून या इंजेक्शनाने संरक्षण मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यासाठी निरोधच वापरावा लागतो.

अनिष्ट परिणाम

सर्वांत अधिक तक्रार मासिक पाळीसंबंधी असते. पहिल्या काही महिन्यांत रक्तस्राव अनियमित होतो. वर्षभरानंतर जवळजवळ निम्म्या स्त्रियांची पाळी थांबते. अशा वेळी दूषित रक्त पोटात साठते अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. ती निराधार होय. गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते, त्यामुळे बाहेर टाकण्यासारखे फारसे काही उरत नाही. कित्येकींचे वजन वाढते, काहींचे डोके दुखते. हाडांची घनताही काहीशी घटते. याविषयी अमेरिकेच्या औषध-नियंत्रण संस्थेने २००४ साली ठळक इशारा दिला. तथापि इंजेक्शन थांबविल्यावर ही झीज बहुतांशी भरून येते. दीर्घकाळच्या वापराचा मेंदूच्या आवरणावरील एका गाठीशी संबंध असल्याचे २०२४ साली फ्रान्समधील पाहणीत दिसले. मात्र ही गाठ विरळाच आढळते.

औषध थांबविताच गर्भधारणा होईल असेही नाही. शेवटच्या इंजेक्शनानंतर त्यास सरासरीने दहा महिने लागतात. यामुळे वंध्यत्व येत नाही. परंतु लवकरच मूल हवे असणाऱ्या स्त्रीने दुसरा उपाय निवडावा हे बरे. स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर विकार, फार वाढलेला रक्तदाब किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असल्यास हे इंजेक्शन घेऊ नये. बाळंतिणीने प्रसूतीनंतर सहा आठवडे थांबावे.

संमतीचा प्रश्न

या जातीच्या दुसऱ्या एका इंजेक्शनाच्या चाचण्या आपल्या देशात चालू असताना स्त्रियांना पुरती माहिती दिली जात नाही, अशी तक्रार घेऊन स्त्रीसंघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुढे नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातच, बिलासपूरजवळच्या एका शिबिरात, एका दिवसात ८३ स्त्रियांवर संततिनियमनाच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील निदान तेरा स्त्रिया दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांच्या आत बंद करण्यास सांगितले. शस्त्रक्रियेखेरीज अन्य उपाय स्त्रियांच्या हाती असणे किती आवश्यक आहे, हे या घटनेने दाखवून दिले. इंजेक्शन हा असाच एक उपाय आहे.

परंतु उपाय हाती असणे आणि तो समजून स्वीकारणे यांत अंतर आहे. पाळी बदलेल, ती थांबली तरी भय नाही, पुढील तारीख कोणती, मूल हवे झाल्यास किती काळ लागेल, या चार गोष्टी जिला आधी सांगितल्या गेल्या, ती स्त्री घाबरून औषध अर्ध्यावर सोडण्याचा संभव कमी असतो. आणि हे ऐकून तिने नकार दिला, तर तोही तिचा अधिकारच होय.